एकशे चौदाव्या चौकोनातलं घर

"रंजिताताई, एकशे चौदामधलं एक घर तुम्ही तसंच सोडलंय," खुर्चीमागे येऊन कुणाल म्हणाला. "मारा की ते रिकामं. एका घरापायी अख्खा चौकोन अडकलाय."

"बघतेय."

"कालपण बघतच होतात."

"कालपण न्हाय कळलं मना," रंजिता म्हणाली आणि पुन्हा पडद्याकडे वळली. सकाळपासून तिचं हेच चाललं होतं. पुढच्या चौकोनात जायचं, दहा-बारा छपरं उरकायची आणि दाव्याला बांधलेल्या गाईसारखं फिरून परत इथेच यायचं. मध्येच ती उठली होती, पाणी न पिताच बाटली भरून परत आली होती. डबा उघडला तो तसाच बंद केला होता.

भिवंडीजवळ काल्हेरला गोदामांच्या रांगेत, छताच्या पंख्यांच्या एका गोदामावर दुसऱ्या मजल्याला त्यांचं ऑफिस होतं. खाली दिवसभर ट्रक मागे घेतल्याचे आवाज, वर बावीस कॉम्प्युटर. काम साधं होतं. अमेरिकेत ब्रॅन्सफर्ड नावाची एक काउंटी होती. काउंटी म्हणजे आपल्याकडच्या तालुक्यासारखं काहीतरी, असं कुणालने पहिल्या दिवशी सगळ्यांना समजावलं होतं. तिथे अॅम्ब्युलन्सला आणि आगीच्या बंबाला घरं सापडत नसत, कारण निम्म्या घरांना नंबर नव्हता आणि निम्म्या वाटांना नाव. म्हणून त्या काउंटीने विमानातून फोटो काढून घेतले, आणि ते फोटो नंबर घातलेल्या चौकोनांत कापून दोन-तीन हातांतून फिरत काल्हेरपर्यंत पोचले. रंजिता आणि तिच्याबरोबरच्या पोरींनी त्यातलं एकेक छप्पर शोधायचं. राहतं घर असेल तर हिरवा ठिपका, रिकामं असेल तर लाल. हिरव्याला नंबर मिळणार, त्याच्या वाटेला नाव मिळणार, आणि ते अॅम्ब्युलन्सच्या नकाशात जाणार. लाल ठिपका तिथेच संपायचा.

पाच महिन्यांत रंजिताला ती काउंटी तोंडपाठ झाली होती. पूर्वेला नदी, तीच हद्द. नदीकाठाने दाट झाडी, मध्ये मातीच्या उतरत्या टेकड्या, आणि पश्चिमेला पाटावर तांदूळ पसरावेत तशी सपाट मक्याची शेतं. मधोमध एकच गाव, चार रस्त्यांचं. एक रेल्वे कधीकाळी होती, तिचे रूळ उचलून नेले होते, पण जमिनीवर तिचा वण अजून दिसायचा. आपला भिवंडी तालुका त्यात तीनदा मावला असता, असा हिशोब कुणालने एकदा मांडून दाखवला होता. आणि माणसं किती, तर तीन हजारांना थोडी कमी. शंभर वर्षांपूर्वी म्हणे अकरा हजार होती.

"तीन हजार तं आमच्या कोन गावच्या नाक्यावर सकाळी रिक्षाला उभी असतात," रंजिता तेव्हा म्हणाली होती आणि सगळ्या हसल्या होत्या. पण पुढे काम करता करता तिचं हसणं गेलं. शाळा दिसायच्या, छप्पर खचलेल्या. चर्च दिसायची, समोर एकही गाडी नसलेली. दफनभूमी तिला लांबून ओळखता यायला लागल्या. गाव एक, आणि त्या एक्केचाळीस मोजल्या होत्या तिने, कोणी सांगितलं नसताना.

हे काम तिला मिळालं तेच मुळी नजरेवर. इंग्रजी बेताचं, शिक्षण बारावी. पण त्याआधी सोळा वर्षं ती भिवंडीत एका लूमच्या कारखान्यात कापड तपासायला होती. उजेडाच्या टेबलावरून तागा सरकत जायचा आणि तुटलेली तार, सुटलेला धागा, तेलाचा डाग तिने बोट ठेवून दाखवायचा. मालकाने लूम भंगारात घातले आणि शेड गोदामाला दिली, तेव्हा ती चव्वेचाळिशीला टेकली होती. कॉम्प्युटरचा क्लास लावून ती या परीक्षेला बसली, आणि चाळीस पोरापोरींत पहिली आली. कुणाल तिचा टीम लीडर. अठ्ठावीस वर्षांचा, काल्हेरचाच, तिच्या नणंदेच्या शेजारचा. त्यामुळे तो तिला ताई म्हणायचा आणि ती त्याला अरेतुरे करायची.

"बस हितं," तिने शेजारची खुर्ची ओढली. "तूच बघ."

कुणाल बसला. पडद्यावर नदीकाठची झाडी, तिच्यात एक पांढुरकं छप्पर. "गाडी नाही," तो बोटं मोडत म्हणाला. "गाडीवाट गवतात गेलीय. नियमात दोन गोष्टी लागतात, दोन्ही आहेत. रिकामं."

"दारापासून त्या खोपटापर्यंत बघ. बारीक रेघ. माणूस चालून चालून पडते तशी."

"हरणंपण चालतात."

"हरणं दारातनं निघतात काय? आणि हे दारापुढचं, ही फळ्यांची उतरण. दोन वर्षांपूर्वीच्या फोटोत न्हाय. लाकूड नवं हाय, उजळ दिसतंय. जिना चढवत नसंल अशा माणसासाठी केलीय कोणीतरी. आणि हे मागं तीन पांढरे ठिपके, एका ओळीत, सारख्या अंतरावर."

"काय आहेत?"

"कपडे. दोरीवर."

कुणाल पुढे वाकला, बराच वेळ बघत राहिला. मग मागे टेकला. "ताई, तुम्हाला वाटतंय म्हणून मला दिसायला लागलंय. असं नाही चालत. ज्या घराला गाडी नाही तिथे ते लोक राहतच नाहीत. दुकान चाळीस मैलांवर आहे."

"ज्याला गाडी चालवता येत न्हाय त्यानं काय करायचं?"

कुणाल उठताना हळू आवाजात म्हणाला, "तुमच्या नावावर ताकिदीचे दोन शेरे आहेत. तिसरा पडला तर वरून तुम्हाला या कामावरून काढतील. गुरुवारपर्यंत चौकोन बंद करा."

घरी जाताना ती शेअर रिक्षात कडेला बसली. अंजूरफाट्याच्या पुढे गाड्या तुंबल्या होत्या, कंटेनरच्या मागे कंटेनर. ती सारखी मान बाहेर काढून बघत होती, जणू पुढे काही आहे आणि ते तिच्यावाचून खोळंबलंय.

भूपेश, तिचा नवरा, टेम्पो लावून आधीच घरी आला होता. जेवताना त्याच्या लक्षात आलं.

"काय शोधतेस ताटात?"

तिने सांगितलं. घर, रेघ, उतरण, कपडे. भूपेशने शांतपणे ऐकून घेतलं आणि आमटी वाढून घेतली. "तिकडची माणसं तुना वळखतात तरी काय?"

"न्हाय."

"मंग कशाला जीव टांगून घेतेस? मार लाल आणि झोप."

भूपेशलाही माहीत होतं कशाला, फक्त त्याला ते तोंडावर आणायचं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यातल्या दुपारी त्याच्या वडिलांच्या, केसरीनाथांच्या छातीत कळ आली. घरात रंजिता एकटी होती. तिने फोन केला, अॅम्ब्युलन्स दहा मिनिटांत कोनच्या नाक्यावर आलीसुद्धा. मग ड्रायव्हर फोनवर विचारत राहिला, किधर आना है. ती सांगत राहिली, तलाव के पीछे, केणी का घर. तो म्हणाला, मॅडम, इधर तो सब नीला पत्रा है, गोदामच गोदाम है. शेवटी सासऱ्यांना शेजारणीच्या हवाली करून ती अनवाणी नाक्यापर्यंत धावली आणि पुढे पळत गाडी घेऊन आली. पाऊण तास गेला होता, तोवर सासरे गेले होते. दोष कोणाचाच नाही असं सगळे म्हणाले, आणि ते खरंही होतं. केसरीनाथ त्याच गावात जन्मले, त्याच तळ्याच्या मागे बहात्तर वर्षं राहिले, आणि त्यांच्या घराचा पत्ता सांगायला सुनेला शब्द सापडले नाहीत. हे तिने कोणाला बोलून दाखवलं नव्हतं.

गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला तिकडच्या माणसांशी बोलणं व्हायचं. तिकडे तेव्हा सकाळचे आठ. मोठ्या पडद्यावर डोरीन यायची, काउंटीची क्लार्क. साठी उलटलेली, कापलेले पांढरे केस, हातात कागदी कप. एकतीस वर्षं त्याच खुर्चीवर. कुणाल शंकांची यादी वाचायचा आणि ती नकाशाकडे न बघता सांगायची. ते विकलं. तिथे आता मुलगा राहतो. ते जळालं, पत्रा तेवढा उरलाय. रंजिताला ते ऐकायला आवडायचं. कोनच्या जुन्या पोस्टमनची तिला आठवण व्हायची.

यादी संपली. मागच्या रांगेतल्यांनी बोलायचं नाही असा दंडक होता. रंजिता उभी राहिली.

"मॅडम, वन हाऊस."

कुणालने डोळे मिटून घेतले. पण डोरीनने कप खाली ठेवला आणि म्हणाली, "हो, सांगा." मग रंजिता सुरू झाली, जमेल तेवढं इंग्रजीत, आणि जिथे अडलं तिथे कुणालकडे बघत. कुणालही मग नाइलाजाने भाषांतर करत गेला, आणि करता करता त्याच्या आवाजातली नाराजी कमी होत गेली.

"ते ओस्टरांचं घर," डोरीन म्हणाली. "वेल्मा ओस्टर. तीन वर्षांपूर्वीच ती गावातल्या वृद्धाश्रमात आली. घराला कुलूप आहे."

"उतरण नवीन आहे, असं ताई म्हणतात."

"फोटो कधीचा?"

"गेल्या ऑक्टोबरचा."

डोरीनने कप बाजूला सरकवला. "गेल्या मेमध्ये वेल्मा वृद्धाश्रम सोडून गेली," ती सावकाश म्हणाली. "भाचीकडे, दुसऱ्या राज्यात. असं तिने सांगितलं होतं. आम्ही केक कापला होता तिच्यासाठी." मग म्हणाली, "भाचीला कोणी फोन केला का, ते मला माहीत नाही. शनिवारी मी जाऊन बघते. नदीकडचा रस्ता खराब आहे, पण जाईन."

पडदा बंद झाल्यावर कुणाल म्हणाला, "वरचे लोक हे रेकॉर्डिंग बघतात, ताई. शेरा पडणार."

"पडू दे."

शुक्रवारी शेरा पडला. शनिवार तिला सरता सरेना. तिकडची सकाळ म्हणजे आपली संध्याकाळ, हे माहीत असूनही ती दुपारपासून फोन बघत होती, आणि डोरीनकडे तिचा नंबरही नव्हता. रविवारी तिने दोन चादरी धुतल्या, त्या वाळायच्या आत काढल्या, पुन्हा घातल्या. मग गच्चीत जाऊन उभी राहिली. चारी बाजूंना निळे पत्रे, उन्हाने डोळ्यांवर येणारे. मध्ये कुठेतरी तळ्याचा हिरवा तुकडा. त्यातल्या कुठल्या पत्र्याखाली माणसं झोपतात आणि कुठल्याखाली खोके, हे तिला, गावच्या सुनेला, वरून सांगता आलं नसतं.

आणि आपल्या स्वतःच्या छपराखाली? खालच्या दोन खोल्यांत लूमवर काम करणारे भाडेकरू होते. अकरा जण. पाळीपाळीने झोपायचे. चार वर्षं होती ही माणसं, आणि तिला त्यातल्या दोघांचीच नावं माहीत होती.

ती खाली उतरली. नळावर एक जण दात घासत होता, उंच, केस पिकलेला.

"भैया, तुम्हारा पूरा नाम क्या है?"

त्याने ब्रश तोंडातून काढला. "क्यों भाभी, पुलिस आया क्या?"

"नही, ऐसेच पूछा."

"मुनव्वर अली," तो म्हणाला, अजून साशंक. "गाँव बताऊँ?"

"बताओ."

त्याने गाव सांगितलं, मग जिल्हा, मग बायकोला काय म्हणतात तेही सांगितलं, आणि मग न विचारता बाकीच्या दहा जणांची नावं. भूपेश दारात उभा राहून बघत होता. "आता हिरवे ठिपके मार सगल्यांना," तो म्हणाला. पण चेष्टेने नाही म्हणाला.

सोमवारी सकाळी मेल आली. एक तारखेपासून रंजिता केणी यांना काउंटीच्या कामावरून काढून दुसऱ्या कामावर देण्यात येत आहे. काम कुठल्याशा मॉलच्या पार्किंगमधल्या गाड्या मोजण्याचं होतं. कुणाल तिच्या नजरेला नजर देईना. "मी बोललो वर," तो एवढंच म्हणाला. तिने मान हलवली. दिवसभर तिने एकशे पंधरा, एकशे सोळा असे चौकोन उरकले, एकही चूक न करता. एकशे चौदाकडे ती गेली नाही.

साडेसहाला मोठा पडदा आपोआप वाजला. त्या दिवशी बोलणं ठरलेलं नव्हतं. कुणालने घेतलं तर डोरीन होती, कोट अंगावर तसाच, कप नाही.

"ती बाई आहे का?" तिने विचारलं.

कुणालने हाक मारली. रंजिता आत आली आणि मागे न बसता पुढच्या खुर्चीवर बसली.

डोरीन थांबत थांबत बोलली, कुणाल वाक्य वाक्य मराठीत सांगत गेला. शनिवारी ती गेली होती. गाडीवाट इतकी वाढली होती की गाडी वर ठेवून चालत उतरावं लागलं. उतरण होती, चांगल्या लाकडाची. दार आतून बंद होतं. खिडकीतून तिला वेल्मा दिसली.

कुणाल थांबला. पुढचं वाक्य त्याने मनात एकदा जुळवलं. "खुर्चीत होती, म्हणते. चुलीजवळ. डॉक्टर म्हणाले, जानेवारीतली मोठी थंडी पडली त्या दिवसांत गेली असावी."

रंजिताने तोंडावर पदर घेतला. तिला हिशोब करायचा नव्हता, पण झालाच. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. एप्रिलचे तीन आठवडे.

भाचीकडे वेल्मा गेलीच नव्हती. नदीपलीकडे गवत कापायला येणारा एक मजूर होता, त्याने तिला गाडीतून घरी सोडलं होतं, त्यानेच फळ्यांची उतरण करून दिली, तोच आठवड्याचं सामान आणायचा. त्याचा फोन नंबर भिंतीवर लिहिलेला होता, म्हणून तो सापडला. कोणाला सांगणार नाहीस अशी तिने त्याला शपथ घातली होती. परत वृद्धाश्रमाच्या त्या खोलीत नेऊन ठेवतील म्हणायची. नोव्हेंबरात कापणी संपली आणि तो कामासाठी दक्षिणेला गेला. जाताना दोन महिन्यांचं सामान भरून गेला होता. फोनवर तो खूप रडला, असं डोरीन म्हणाली.

"मी तिला लहानपणापासून ओळखत होते," डोरीन म्हणाली. "तिने मला शाळेत भूगोल शिकवला. ही काउंटी फळ्यावर न बघता काढायची. आणि मी इथे बसून तुम्हाला सांगितलं, कुलूप आहे."

खाली एक ट्रक मागे येत होता, त्याचा पीं पीं आवाज काचेतून येत राहिला.

"तुमचं बरोबर होतं," डोरीन रंजिताला म्हणाली. हे कुणालला सांगावं लागलं नाही.

"लेट, मॅडम," रंजिता म्हणाली. "फोटो लेट."

"हो."

मग डोरीनने समोरचे कागद सरळ केले आणि कामाचा आवाज काढला. हमरस्त्यापासून त्या घरापर्यंत सव्वा मैलाची वाट आहे. तिला नाव नाही. काउंटीतल्या वाटांना नाव देण्याचा अधिकार तिच्या ऑफिसचा आहे, आज सकाळी तिने कागदावर सही केली आहे. ते नाव नकाशावर चढवायचं आहे.

कुणालने रंजिताकडे पाहिलं. ज्या वाटेवर राहतं घर नाही तिला नाव द्यायचं नाही, हा नियम त्यानेच सगळ्यांना पाठ करून घेतला होता. तो उठला, आपला लॅपटॉप तिच्यापुढे सरकवला आणि एकशे चौदा उघडून दिला.

"ताई, तुम्हीच घाला."

आधी तिने घरावर ठिपका ठेवला. लाल. हात थोडा थांबला, पण ठेवला. मग वाट निवडली. डोरीन एकेक अक्षर सांगू लागली, लहान मुलाला सांगावं तसं, आणि रंजिता एका बोटाने टाइप करू लागली. व्ही. ई. एल. एम. ए. एक जागा सोडून ओ. एस. टी. ई. आर. पुन्हा जागा, आणि रोड. तिने स्पेलिंग एकदा वाचून दाखवलं. डोरीनने मान हलवली.

काम झालं होतं. कुणाल दार हळूच ओढून घेऊन बाहेर गेला, पोरी निघायच्या तयारीत होत्या त्यांच्याकडे. डोरीनने पडदा बंद केला नाही, रंजितानेही नाही. दोघींपाशी आणखी बोलायला भाषा नव्हती. डोरीन खिडकीबाहेर बघत होती, तिच्या तिकडे सकाळ चांगली वर आली होती. एकदा तिने चष्मा काढून पुसला आणि परत घातला. सात वाजले. बाहेर खुर्च्या सरकल्या, जिन्यावरून चपलांचे आवाज उतरत गेले. तिकडे कोणीतरी काउंटरवर आलं असावं, डोरीनने हाताने थांबा अशी खूण केली आणि उठून गेली. तिची खुर्ची पडद्यावर तशीच राहिली.

रंजिता ती परत येईपर्यंत बसून राहिली.